ना भरती, ना नवस : दौंड ते टाकळी हाजी सायकलवर

आपल्या माणसांचा प्रवास म्हणजे कामाचा प्रवास. कामावर जाणे आणि कामावरून येणे. त्याखेरीज लग्न, मयत, दवाखाना आणि कोर्टाची तारीख. आणि वर्षातून काही दिवस बाबासाहेबांचे : १ जानेवारीला पेरणे फाटा, २० मार्चला महाड, दसऱ्याला नागपूर, ६ डिसेंबरला दादर. पण काही काम नसताना, नुसता मुलूख पाहण्यासाठी घराबाहेर पडलेला माणूस आपल्या वस्तीत शोधून सापडायचा नाही. सहलीला जातात ती शाळेची मुले, आणि तीही ज्यांच्या घरी त्या महिन्यात पैसे असतील ती.

म्हणूनच यंदाच्या जानेवारीत आम्ही आठ जण सायकली घेऊन दौंडहून निघालो, तेव्हा वस्तीत बरीच चर्चा झाली. आमच्यात रेल्वेत ट्रॅकमन असलेले दोघे भाऊ, कुरकुंभच्या एमआयडीसीत रासायनिक कारखान्यात काम करणारा एक गडी, जिल्हा परिषदेच्या शाळेतले मास्तर, अंगणवाडीच्या ताई, त्यांची बारावीतली मुलगी, तिचा मामेभाऊ, आणि रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त झालेले त्रेसष्ट वर्षांचे काका. दोघा भावांची रेस्ट आणि कुरकुंभवाल्याची सुट्टी एका दिवशी यावी म्हणून तीन आठवडे थांबावे लागले. कामगाराची सहल ही अशीच असते. आधी पाळीचा तक्ता, मग नकाशा.

पगारी सुट्टी हीसुद्धा आकाशातून पडलेली नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामगाराला वर्षातून काही दिवस पगारासह रजा मिळावी अशी दुरुस्ती कारखाना कायद्यात झाली ती त्याच काळात. ती रजा आपण साठवतो, विकतो, आजारपणात घालवतो. विश्रांतीसाठी ती क्वचितच वापरली जाते.

सायकलीचेही तसेच. आपल्या घरात सायकल आली ती ओझे वाहायला. दळण, दूध, रॉकेलचा डबा, पुढच्या दांडीवर एक मूल आणि कॅरियरवर दुसरे. मोटारसायकल घेण्याची ऐपत आली की पहिली भंगारात जाते ती सायकल. शहरातला साहेब पन्नास हजारांची सायकल घेऊन डोक्यावर टोप घालून निघाला तर त्याला सायकलिंग म्हणतात, आपण निघालो तर लोकांना वाटते पेट्रोलला पैसे नसतील. आमच्यात गिअरची सायकल एकच होती, मास्तरांची, तीही हप्त्याची. बाकीच्या साध्या. काकांची काळी ॲटलास त्यांच्या लग्नातली आहे. त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला, काकांची सायकल मात्र चालू आहे.

ताईंना सायकल आली ती वयाच्या चौतिसाव्या वर्षी, अंगणवाडी घरापासून तीन किलोमीटरवर मिळाली तेव्हा. त्यांना मास्तरांनी तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्याची हकीकत सांगितली. तिथे १९९१-९२ च्या साक्षरता मोहिमेत अक्षरांबरोबर सायकलही शिकवली गेली. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीतल्या, अशा हजारो बायका सायकल चालवू लागल्या. ताई म्हणाल्या, "मला कुणी मोहीम काढून शिकवलं नाही. दोनदा पडले आणि आली."

पहाटे साडेपाचला निघालो. दौंड हे जंक्शनचे गाव. इंग्रजांच्या कागदोपत्री त्याचे 'धोंड' झाले होते. मनमाडकडे जाणारा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला आणि भीमेच्या काठचे हे गाव रेल्वेच्या भोंग्यावर उठू-बसू लागले. आपल्यातली कित्येक घरे या रेल्वेनेच इथे आणली. काकांनी अठ्ठावीस वर्षे या मार्गावर खडी भरली, पण पुलाच्या पलीकडचा प्रदेश त्यांनी पाहिला तो रुळांच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा हात, एवढाच.

भीमा ओलांडताना थंडीने बोटे ब्रेकवर वळत नव्हती. खाली पाण्यावर जलपर्णी. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत येते आणि वाहत दौंडापर्यंत पोचते, वास पुलावरही कळतो. पुलापलीकडे जिल्हा बदलतो. काही अंतर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीगोंदे तालुक्यातून जावे लागते. जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या काष्टीला पहिला चहा घेतला आणि तिथून डाव्या हाताला वळलो. घोड नदीचा पूल आला की परत पुणे जिल्हा, शिरूर तालुका, आणि पहिलेच गाव इनामगाव.

या गावाचे नाव शाळेच्या पुस्तकात येऊन जाते, पण तिथे जाऊन पाहिलेला माणूस आम्हाला भेटलेला नव्हता. जाऊन पाहावे असे आता जमिनीवर फारसे काही नाहीही. नदीकाठचे शिवार, पांढरीची माती, ऊस, कांदा. पण याच मातीत डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षे उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी ही त्यातली मोठी नावे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे नऊशे वर्षे, इथे शेतकऱ्यांची वस्ती होती. शंभराहून अधिक घरांचे अवशेष निघाले. जव, गहू, मसूर पिकत होते. पुराचे पाणी वळवायला त्यांनी चर खणला होता आणि बांध घातला होता. पाच खोल्यांचे एक मोठे घर सापडले, शेजारी धान्याचे कोठार. ते गावच्या मुख्याचे असावे असा अंदाज आहे. म्हणजे धान्य कोणाच्या दाराशी साठवायचे, हा प्रश्न तेव्हाही होताच.

मास्तर हे सांगत होते आणि आम्ही बांधावर बसून शेंगदाण्याच्या चटणीशी बाजरीची भाकरी खात होतो. मूल दगावले तर ते लोक त्याला दोन मडक्यांत ठेवत. मडक्यांची तोंडे एकमेकांना जोडायची आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. घराबाहेर नाही, घरात. हे ऐकून ताईंनी भाकरी खाली ठेवली. मोठ्या माणसांना पुरताना मात्र घोट्यापासून पाय तोडलेले आढळतात. मेलेला माणूस गाव सोडून जाऊ नये, अशी त्यामागची समजूत असावी असे अभ्यासक म्हणतात. मुलीने विचारले, "मग गाव का सोडलं त्यांनी?" पाऊस कमी होत गेला. आधीची चौकोनी ऐसपैस घरे जाऊन शेवटच्या काळात छोट्या गोल झोपड्या आल्या. शेती हटली, जनावरांमागे फिरणे वाढले, आणि इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमाराला वस्ती उठली. तथागतांच्या जन्माच्याही आधीची ही गोष्ट. त्या माणसांची जात, भाषा, आडनाव, यातले काही कोणाला ठाऊक नाही. त्यांची मडकी पुण्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात पाहायला मिळतात. आमच्यातल्या कोणीही ते संग्रहालय पाहिलेले नव्हते, आणि पुण्याला तर आम्ही महिन्यातून दोनदा जातो.

इनामगावहून न्हावऱ्याकडे रस्ता उसातून जातो. वर्णन करावे असे त्यात काही नाही. सांगावे असे आहे ते उसाच्या ट्रॉल्यांबद्दल. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर घराएवढा ऊस, मागे दिवा नाही. ट्रॉली मागून आली की सायकल सरळ साइडपट्टीवर उतरवायची, मान वळवून पाहत बसायचे नाही. आम्ही सर्वांच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर लावले होते. किंमत पंधरा रुपये.

न्हावऱ्यापासून शिरूरकडे वळल्यावर ऊस मागे पडतो आणि माळ सुरू होतो. इथपासून खरा चढ-उतार. करड्याचा घाट हा सह्याद्रीतला घाट नव्हे, ट्रकवाल्याला तो जाणवतही नसेल, पण साध्या सायकलीला जाणवतो. तरुण मंडळी उभी राहून पायडल मारीत गेली. काका उतरले आणि शांतपणे सायकल ढकलीत चालू लागले. म्हणाले, "गँगमनला चालायची लाज नसते." वर पोचलो तेव्हा ते आमच्यामागे फार तर दहा मिनिटे होते.

इथेच वेड्या बाभळीचा काटा घुसून मुलीच्या सायकलीचे पुढचे चाक बसले. सामान आमच्याजवळ होते, पण ट्यूब कुठे फुटली हे पाहायला घमेलेभर पाणी हवे. रस्त्याकडेला एक वस्ती होती. ओट्यावर आजोबा बसलेले. सुनेने न विचारता घमेले भरून आणले. आम्ही चाक उघडले आणि आजोबांनी विचारायला सुरुवात केली.

"पाव्हणं, कुठलं?"

"दौंडचे."

"आडनाव?"

काकांनी आडनाव सांगितले. ते आडनाव मराठ्यांत आहे, माळ्यांत आहे, धनगरांत आहे आणि आपल्यातही आहे. त्यामुळे प्रश्न सुटला नाही. आजोबांनी एका गावाचे नाव घेतले आणि म्हणाले, "म्हंजी तिथल्या पाटलाच्यातलं का?" वाचकहो, ही जागा आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. इथे माणूस घसा खाकरतो, विषय बदलतो, नाहीतर पाणी संपेपर्यंत हो ला हो म्हणतो. मुलगी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होती. तिने मान वर न करता सांगितले, "नाही आजोबा, आम्ही बौद्ध."

"बरं बरं," आजोबा म्हणाले. मग थोडा वेळ कोणीच बोलले नाही. पॉलिश पेपर ट्यूबवर घासल्याचा आवाज तेवढा येत होता.

"मंग निघालाय कुठं?"

"टाकळी हाजीला. कुंडं बघायला."

"पोलिसाची भरती हाय का काय?"

"नाही."

"मंग नवस?"

"नवस नाही."

"नुसती कुंडं बघायला? दौंडातनं? सायकलीवर?" आजोबा मोठ्याने हसले. "आमच्या पोराला सांगतो आता. शेताच्या कडंला जायचं तरी त्याला गाडी लागती."

सुनेने पाण्याच्या बाटल्या घरातून भरून दिल्या आणि तांब्या घेऊन काकांकडे गेली. आम्ही बाकीचे ओट्याला टेकलो होतो, काका मात्र ओट्यापासून चार हात लांब उभे होते. त्यांना तसे कोणी सांगितले नव्हते. त्यांनी तांब्या हातात घेतला, पाणी प्याले, परत दिला. पुढे रस्त्यात एका चढावर सायकल ढकलता ढकलता ते म्हणाले की त्यांचे वडील याच बाजूला कामाला येत, आणि वडिलांना पाणी मिळे ते ओंजळीत, वरून ओतलेले. एका तांब्यावरून तालुका बदलला असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. आडनावाचा प्रश्न अजून पहिल्या तीन प्रश्नांत येतो हेही आम्ही पाहिले. जे घडले ते लिहिले.

शिरूरला दीड वाजता पोचलो. याचे जुने नाव घोडनदी. बाजाराचे गाव, गर्दी फार. जेवण उरकले आणि सावलीत बसलो, तेव्हा मास्तरांनी जे सांगितले ते आमच्यापैकी कित्येकांना नवे होते. दर १ जानेवारीला आपण पेरणे फाट्याला विजयस्तंभापुढे उभे राहतो. पण १८१८ च्या त्या लढाईची पलटण निघाली होती कुठून? ती इथून, शिरूरच्या छावणीतून निघाली. ३१ डिसेंबर १८१७ ला रात्री साडेआठच्या सुमारास कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली सुमारे पाचशे पायदळ, काही घोडेस्वार आणि दोन तोफा इथून पुण्याच्या वाटेला लागल्या. रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ते भीमेच्या काठी पोचले. शिरूर ते कोरेगाव हे आजच्या रस्त्याने सुमारे चाळीस किलोमीटर. म्हणजे खांद्यावर बंदूक घेऊन थंडीच्या रात्री सबंध चाळीस किलोमीटर चालायचे, आणि मग न झोपता, न जेवता दिवसभर लढायचे. काकांनी आपल्या पायांकडे पाहिले. आम्ही तोवर साठ-पासष्ट किलोमीटर आलो होतो, तेही चाकांवर आणि भाकरी खाऊन.

स्तंभावर नावे आहेत, ती आपण वाचतो. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथे आले, तेही आपल्याला पाठ आहे. पण त्या माणसांच्या पायाखालची वाट आपण कधी पाहिली नाही. एकतर आपण बसने जातो, मानवंदना देतो आणि त्याच पावली परततो. २०१८ च्या १ जानेवारीला तिथे हिंसाचार झाला, तेव्हापासून तर घरची माणसे बजावून ठेवतात की वाटेत कुठे उतरू नका. तालुका तेवढ्याच एका दिवसापुरता आपला, आणि तोही बंदोबस्तात. बाकीचे ३६४ दिवस तो पाहायचा राहून जातो.

शिरूरहून तीनला निघालो. अण्णापूर, आमदाबाद करीत टाकळी हाजीकडे जाताना प्रदेश उघडा होतो. मोठे डोंगर नाहीत, पण जमीन कुठे सपाट म्हणून नाही. एक टेकाड चढले की दुसरे दिसते, मध्ये ओढा, ओढ्याला बाभळी. माळावर मेंढरे, खोलगटात कांदा आणि डाळिंब. जिथे कुकडीच्या कालव्याचे पाणी पोचले तिथे परत ऊस. उतारावर वारा कानात भरतो आणि चढावर स्वतःचा श्वास ऐकू येतो. मामेभाऊ आणि मुलगी उतारावर हात सोडून सायकल चालवू लागली. ताई ओरडल्या नाहीत. एका लांब उतारावर ताईंनीही पायडल मारणे थांबवले, ओढणी गळ्याभोवती घट्ट बांधली आणि सायकल सोडून दिली. खाली पोचल्यावर त्या बराच वेळ नुसत्या हसत होत्या. एवढ्यासाठीसुद्धा रजा काढायला हरकत नाही.

मुक्काम नदीकाठी उघड्यावर करायचा नाही हे निघण्यापूर्वीच ठरले होते. कारण बिबट्या. हा भाग जुन्नर वनविभागात येतो. धरणे झाली, कालवे आले, ऊस वाढला, आणि बिबट्याने उसातच घर केले. मादी पिल्ले घालते तीही उसात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये याच तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत दोन लहान मुले आणि एक वृद्ध महिला मृत्युमुखी पडली. कुरकुंभवाल्याचे एक नातलग टाकळी हाजीच्या शिवारात राहतात. त्यांच्या अंगणाला तारेचे कुंपण आहे, रात्रभर दिवा असतो, शेळ्या आत कोंडलेल्या. त्या अंगणात आम्ही दोन तंबू उभे केले. एक मास्तरांनी शाळेच्या स्काउटचा मागून आणलेला, दुसरा आमच्या वस्तीतल्या शिलाई मशीनवर ताडपत्रीतून शिवलेला. दोऱ्या खुंटाला बांधून वर पांघरुणे टाकली आणि घर झाले.

तंबू पाहायला शेजारच्या शेतातली चार-पाच मुले आली. ऊसतोड कामगारांची मुले. दोनशे पावलांवर त्यांच्या कोप्या होत्या, बांबूच्या कांबी, पाचट आणि वर प्लॅस्टिकचा कागद. एक मुलगा तंबूच्या आत डोकावला आणि म्हणाला, "आमच्या कोपीवानीच हाय." त्याच्या मागोमाग त्याचा बाप आला. बीड जिल्ह्यातला. त्याने तंबू पाहिला, सायकली मोजल्या आणि विचारले, "तुमी कंच्या कारखान्याचं?"

आम्ही सहलीला आलो आहोत हे सांगायला आम्हाला दिवसभरात पहिल्यांदा जड गेले. आम्ही हौसेने एक रात्र जसे झोपणार होतो, तसे हे कुटुंब दिवाळीपासून झोपत होते आणि उन्हाळा लागेपर्यंत झोपणार होते. आमच्याभोवती तारेचे कुंपण होते, त्यांच्याभोवती ऊस. बिबट्याचे काय करता, म्हणून विचारले. पोरांना मध्ये घेऊन दोन्ही बाजूंना आम्ही झोपतो, तो म्हणाला, आणि पहाटे तीनला उसात शिरायचे असते तेव्हा आधी डबा वाजवतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. सकाळी बाप आणि आई उसात गेली की धाकट्याला थोरला सांभाळतो. थोरला म्हणजे सात वर्षांचा, तंबूत डोकावलेला तो. मास्तरांनी वही काढून मुलांची नावे आणि वये लिहून घेतली. इथल्या शाळेत हंगामापुरते का होईना बसवता येईल का ते पाहतो म्हणाले. त्या बापाने ताईंनी दिलेला चहा घेतला, मुलांना खाकऱ्या मारून बोलावले आणि तो गेला.

इनामगावच्या त्या शेवटच्या गोल झोपड्या आम्हाला तेव्हा आठवल्या. त्यावर कोणी काही बोलले नाही.

जेवणानंतर शेकोटीपाशी मास्तरांनी १९३४ ची गोष्ट काढली. त्या साली चळवळीतल्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांना गळ घातली की आपण कुठेतरी पाहायला जाऊ, तुम्ही पण चला. वेरूळची लेणी पाहायचे ठरले. तीसेक माणसे निघाली. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबली. दाराशी पाण्याचे टाके होते, प्रवासाच्या धुळीने माखलेल्यांनी हातपाय-तोंड धुतले. 'टाके बाटवले' म्हणून आरडाओरडा झाला, माणसे जमली, शिवीगाळ झाली. अखेर किल्ला पाहू दिला तो हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन, कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. बाबासाहेबांनी हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवले आहे. मास्तर म्हणाले, "हा प्रसंग आपण सगळ्यांनी ऐकलाय. पण ती सहल होती, हे कुणाच्या लक्षात येत नाही. कामाच्या रगाड्यातून चार दिवस काढून ती माणसं हौसेनं लेणी बघायला निघाली होती. सभा नव्हती, परिषद नव्हती. बाबासाहेबही सहलीलाच निघाले होते."

मुलीने विचारले, "मग लेणी बघितली का त्यांनी?" मास्तरांना पुढचे सांगायचे होते, पण तोवर काकांचे घोरणे सुरू झाले होते.

रात्री थंडी चांगलीच पडली. ताडपत्रीवर आतून दव धरते हे आम्हाला ठाऊक नव्हते, पहाटे नाकावर थेंब पडू लागल्यावर कळले. तीनच्या सुमारास शेताच्या बाजूने डबा वाजल्याचा आवाज आला. बराच वेळ वाजत होता.

सकाळी उजाडल्यावर कुंडे पाहिली. टाकळी हाजी आणि पलीकडचे पारनेर तालुक्यातले निघोज यांच्या मधून कुकडी वाहते. दोन्ही काठांवर मळगंगेची देवळे आहेत. आम्ही गेलो ते नदीचे पात्र पाहायला. काळ्याभोर कातळात रांजणासारखे खोल, गुळगुळीत खळगे, एकात एक शिरलेले, काही विहिरीएवढे. कोणी छिन्नी-हातोड्याने कोरले असावेत असे वाटते, पण हे काम पाण्याचे आहे. पुराच्या भोवऱ्यात गोटे सापडतात, ते एकाच जागी गरगर फिरतात आणि कातळ घासत राहतात. गोटा झिजून जातो, दुसरा येतो, खळगा खोल होत जातो. हा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे अजिंठा-वेरूळ ज्या दगडात कोरले तोच. एका खळग्याच्या तळाशी चेंडूसारखे गोल गोटे अजून पडलेले होते. काकांनी वाकून एक उचलला, हातात फिरवून पाहिला, आणि रेल्वेच्या खडीला असा आकार कधी येत नाही म्हणत परत होता तिथे ठेवला. कडेला फार जवळ जाऊ नये, कातळ निसरडा आहे आणि पाण्याचा ठाव लागत नाही. कुकडी प्रकल्पाच्या धरणांतून पाणी सोडलेले असेल तेव्हा तर पात्रात उतरूच नये. पुलावरून छान दिसते.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे. दौंड ते टाकळी हाजी मास्तरांच्या मीटरवर पंच्याऐंशी किलोमीटर भरले. सवय नसेल तर शिरूरपर्यंत एसटीने येऊन तिथून सायकली घ्याव्यात, कुंडांपर्यंतचा चढ-उताराचा भाग सर्वांत देखणा आहे. नोव्हेंबर ते जानेवारी हे दिवस चांगले. सायकल कितीही जुनी चालेल, ब्रेकचे रबर मात्र नवे घालावे. पंक्चरचे सामान, हवेचा पंप, टॉर्च आणि डोक्याला रुमाल. पाण्याची अडचण नाही, मोठ्या गावांत नाणे टाकून थंड पाणी मिळण्याची सोय झाली आहे. मुक्काम ओळखीच्या घरी किंवा गावात विचारून शाळेच्या व्हरांड्यात करावा. उसालगत, नदीकाठी किंवा माळावर उघड्यावर बिलकुल झोपू नये, आणि अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटे सोडू नये. घरची भाकरी, वाटेतला चहा, शिरूरचे जेवण आणि परतीचा टेम्पो मिळून आम्हाला माणशी तीनशे साठ रुपये खर्च आला.

परतताना शिरूरपर्यंत सायकलीने आलो. तिथे एका रिकाम्या टेम्पोत आठही सायकली आडव्या रचल्या, वर आम्ही बसलो आणि साडेबाराला दौंड गाठले. कुरकुंभवाला घरी जाऊन आंघोळ करून दुसऱ्या पाळीला वेळेवर हजर झाला.